रायरांचे सात प्रश्न

आमच्या तंजावरच्या घरमालकांनी जन्मात बर्फ पाहिला नाही. म्हणजे बर्फाचा कारखाना पाहिला होता, स्टेशनाच्या पलीकडचा, पण डोंगरावर पडतो तो बर्फ नाही. तरीही लहान मुलं घेऊन बर्फावर घसरायला कुठे जावं असं आज कुणी मला विचारलं, तर माझ्या तोंडून त्यांचेच प्रश्न बाहेर पडतात. लोक म्हणतात, तुम्हाला फारच माहिती.

गाव त्यांना रायर म्हणे. मराठी राजांबरोबर तिकडे जाऊन कायमच्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना तमिळ शेजारी याच नावाने ओळखतात. ह्यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, केंद्र सरकारच्या एका कचेरीत बदली झाली आणि आम्ही पुण्याहून दोन मुलांसकट रायरांच्या घराच्या पुढच्या भागात बिऱ्हाड थाटलं. मागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, वय साठीच्या पुढे. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, पण मला 'अम्मा' म्हणत. तिकडे बाईमाणसाला असंच म्हणतात. मुलं त्यांना 'ताता' म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांचं मराठी ऐकून मला पहिले आठ दिवस हसू आवरत नसे. शब्द माझ्या पणजीचे आणि चाल तमिळची. पुढे त्या बोलण्याची इतकी सवय झाली की पुण्याला माहेरी गेले की तिथलंच मराठी मला उद्धट वाटे.

घरापुढच्या ओट्याला तिकडे तिण्णै म्हणतात. त्या तिण्णैवर रायर सकाळी कॉफीचा टंबळर, रेल्वेचं वेळापत्रक आणि एक पत्र्याची पेटी घेऊन बसत. उन्हाळ्यात तंजावर तव्यासारखं तापतं. ज्यांना जमे ते कोडाईकनाल, उटी, नाहीतर येरकाडला जात, आणि जाण्याआधी रायरांना विचारायला येत. हा धंदा नव्हता, कुणाकडून ते सुपारीचं खांडही घेत नसत. पण सल्ला असा सहजासहजी मिळत नसे. कुणी हॉटेलांची नावं सुरू केली की ते हात वर करत आणि म्हणत, आधी लेंकरें दाखवा. मोठ्यांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. मोठी माणसं पायरीवरसुद्धा निजतील, असं त्यांचं मत होतं.

लेंकरं बघायची त्यांची रीत निराळीच होती. ते मुलांना सकाळच्या बसने ओरत्तनाडूला नेत आणि दुपारच्या बसने परत आणत. येताजाता कुणाला ओकारी आली, किती वेळा आली, कुठल्या वळणावर आली, हे ते एका वहीत टिपून ठेवत. ज्याला या सपाट रस्त्यावर ओकारी येते त्याला घाटाच्या गावी न्यायचं नाही, रेल्वे जिथे थेट वर जाते तिथेच न्यायचं. आमच्या दोघांचीही ही परीक्षा झाली. थोरला सात वर्षांचा, तो ठणठणीत पास झाला. धाकटी चार वर्षांची. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'येतांना एकदां. रस्त्यामुळें नव्हे, बोंड्यामुळें.' बोंडा त्यांनीच खाऊ घातला होता, तेही प्रामाणिकपणे खाली लिहिलं होतं.

ओरत्तनाडूच का, याला मात्र कारण होतं. तिथे मराठी राजांच्या काळातलं एक छत्र आहे, म्हणजे वाटसरूंना जेवणखाण आणि निवारा देणारी मोठी धर्मशाळा. रायरांचे आजोबा एके काळी तिथे दुधावर कारकून होते. तान्ह्या पोराला, आजारी माणसाला दूध वेळेवर पोचतं की नाही, एवढंच बघायचं त्यांचं काम. रायर मुलांना त्या छत्राच्या दगडी हत्तीघोड्यांजवळ उभं करत आणि आजोबांची गोष्ट सांगत. छत्राचा नियम असा होता म्हणे, की वाटसरूने ठरलेले दिवस राहावं आणि पुढे जावं. पण मूल आजारी पडलं तर ते बरं होईपर्यंत त्या कुटुंबाला उठवायचं नाही. मागून कुणीही येवो, कितीही मोठा येवो. आता तिथे अन्नही नव्हतं आणि दूधही नव्हतं. मला वाटतं, ते बंद पडलेलं छत्र रायर आपल्या तिण्णैवर बसून पत्रांनी चालवत होते.

कारण त्यांचा खरा उद्योग पत्रं लिहिण्याचा होता. कुटुंबाने गाव ठरवलं, की तिथल्या दोनचार उतरण्याच्या जागांना ते कार्ड टाकत. कार्डावर इंग्रजीत सात प्रश्न, आम्हाला ते आपल्या मराठीत वाचून दाखवत. दूध किती वाजतां मिळतें? गरम पाणी मागितल्यावर किती वेळाने येतें? न्हाणीघर खोलीपासून किती पावलांवर आहे? असं करत करत सातवा प्रश्न यायचा. दिवस संपले आणि लेंकरूं आजारी असलें, आणि त्या खोलींत दुसरे लोक यायचे असले, तर आपण काय कराल? बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नसे. ज्यांचं येई ते सहा उत्तरं देऊन सातवं गाळत. अशा जागेला रायर नापास करत, मग तिथे कितीही गुलाब फुललेले असोत. मी आधी हा सगळा विक्षिप्तपणा समजत होते. ह्यांना तर त्यांच्या चष्म्यापासून सगळ्याचंच हसू येई.

मग एक दिवस ह्यांनी एका साप्ताहिकात चित्र पाहिलं. पायाला लांब फळ्या बांधून, हातात काठ्या धरून माणसं बर्फाच्या उतारावरून चालली होती. त्याला स्की म्हणतात, असं ह्यांनी मला तीनदा सांगितलं. सरकारी नोकराला प्रवासाची सवलत मिळत होती, ती आयुष्यात एकदा तरी मोठ्या प्रवासाला वापरायची आणि गुलमर्गला जायचं, असं ह्यांच्या डोक्यात बसलं. मुलांना सांगूनही टाकलं. घरात दोन दिवस कुणी सरळ चालेना, सगळे घसरत होते.

मी मात्र धास्तावले. धाकटीची छाती नाजूक होती. आदल्या वर्षी दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता, आणि दुसऱ्या वेळी मी तिला हातातून गेलेलीच समजले होते. डॉक्टर म्हणाले, कोरडी थंडी बाधणार नाही, न्या. हे म्हणाले, डॉक्टर म्हणतात तर तू कोण? माझ्या मनातलं मी कुणाशी बोलले नाही. मागच्या अंगणात वाळवण घालताना रायरांना मात्र सांगितलं, की मला जायचंच नाही, ती तिकडे आजारी पडली तर मी कुठे जाऊ. मला वाटलं, म्हातारा माणूस, माझी बाजू घेईल, ह्यांना समजावेल.

त्यांनी वाळवणातल्या मिरच्या उलटवल्या.

"जाऊं नका म्हणून मी सांगत नाहीं, अम्मा," ते म्हणाले. "कोठें जावें तें पाहूं. मला एक महिना द्या."

तो महिना आमच्या घरात फार गमतीचा गेला. बर्फावर घसरणं हा प्रकार रायरांना नवा होता, म्हणून त्यांनी तो तंजावरच्या सामानातून शिकून घेतला. मुलांना तिरुवैयारूला नेऊन कावेरीच्या काठावरच्या वाळूच्या उतारावरून नारळाच्या सुक्या झावळीवर बसवून खाली सोडलं. कुठल्या उतारावर धाकटी हसते आणि कुठल्या उतारावर तिचा चेहरा आक्रसतो, हे खाली उभं राहून पाहिलं. मग तो हसरा उतार काठीने मोजला आणि कार्डावर दोन प्रश्न बदलले. लेंकरांना घसरायची उतरण अशी आहे काय, कीं म्हातारीला काठीवांचून चढतां यावी? आणि लेंकरूं बर्फांत भिजलें तर चुलीपर्यंत किती पावलें? नंतर दोघांना घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेले. तिथे बर्फाच्या लादीवर आधी स्वतः अनवाणी उभे राहिले, मग मुलांना उभं केलं. थोरला लगेच उडी मारून उतरला. धाकटी त्यांचा अंगठा धरून उभी राहिली आणि उतरायला तयार होईना. हे ऐकून मी त्यांच्यावर चिडले. त्यांनी माझा सगळा राग उभ्यानेच ऐकून घेतला आणि मग म्हणाले, तिची छाती नाजूक असेल, ती नाहीं.

कारखान्यातच त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. तिकडे बर्फाच्या लाद्या भाताच्या तुसात पुरून ठेवत, म्हणजे विरघळत नाहीत. रायरांनी हिशेब केला, की तूस जर थंडीला बाहेर जाऊ देत नाही तर आतही येऊ देणार नाही. मग त्यांनी शिंप्याकडून कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्यात तूस भरलं, आणि ही थंडीची पायताणं म्हणून दोन मोठ्या गोणी आमच्या दारात आणून ठेवल्या. हे म्हणाले, तंजावरपासून सिमल्यापर्यंत मी भाताचा कोंडा वाहून नेणार नाही. शेवटी एक गोण न्यायची ठरली.

सिमला म्हणाले, कारण तोवर गुलमर्ग नापास झालं होतं. तिथल्या एका हॉटेलाने रंगीत छापील पुस्तिका पाठवली होती, सुंदर होती, पण एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्यात नव्हतं. शिवाय वाटेत लांबलचक घाट, आणि वहीतली ती बोंड्याची नोंद. सिमल्याला निदान रेल्वे थेट वर जाते. तिथून जवळच्या कुफरीच्या एका जागेने सहा उत्तरं टंकलिखित पाठवली आणि सातव्यापुढे लिहिलं, 'नियमाप्रमाणे.' ह्यांना ते पुरेसं वाटलं. रायरांनी कार्ड उलटं ठेवलं. नियम कोणाचे, असं ते विचारत होते.

तिसरं उत्तर कुफरीच्या पुढच्या एका पहाडी गावातून आलं. तिथे एक लहान बंगला होता आणि त्याचा चौकीदार एक फौजेतून परतलेला माणूस होता. फौजेत फळ्यांवर घसरायला शिकला होता आणि आल्यागेल्याला शिकवत होता. उत्तर हिंदीत होतं. रायरांना हिंदी येत नव्हती, म्हणून ते कार्ड माझ्याकडे घेऊन आले. मी वाचत गेले. म्हैस आहे. चूल दिवसभर पेटलेली असते. उतरण माझी आई चढते, काठीशिवाय. मग सातवं आलं. लिहिलं होतं, मूल बरं होईपर्यंत खोली त्याचीच. नव्याने येतील त्यांना मी माझ्या खोलीत घेईन.

रायरांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग कार्ड डोळ्यांना लावून पेटीत ठेवलं. मी त्या दिवशी ह्यांना सांगितलं, की मी येते.

जे व्हायचं होतं ते झालंच. पहिले तीन दिवस स्वर्गाचे गेले. ह्यांनी फळ्या बांधल्या, दोनदा घसरले आणि तिसऱ्यांदा थेट बर्फाच्या ढिगात गेले, फक्त टोपी बाहेर. थोरला दिवसभर वर चढत होता आणि खाली येत होता. तुसाची पायताणं पहिल्याच दिवशी भिजून लापशी झाली, चौकीदार पोट धरून हसला. चौथ्या दिवशी धाकटीला ताप भरला आणि छाती घरघरायला लागली. आमचे दिवस सहाव्या दिवशी संपत होते. त्या दुपारी दिल्लीची माणसं उतरली, ट्रंका, बिछाने, मोठा गलबला. त्यांच्यातल्या एकाने खोलीत डोकावून, अजून कशी रिकामी नाही, असं विचारलं. मी धाकटीला मांडीवर घेऊन बसले होते. मला उठता आलं नसतं, पण कुणी उठ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही.

चौकीदाराने त्यांच्याशी वादच घातला नाही. त्यांच्या ट्रंका उचलून स्वतःच्या खोलीत ठेवल्या आणि आपली पथारी म्हशीच्या गोठ्यात टाकली. मग बर्फातून चालत जाऊन कंपाउंडरला घेऊन आला, आणि पुढचे नऊ दिवस हेच केलं. उरलेलं कोरडं तूस त्याने एका खोक्यात भरलं आणि त्यात दुधाचं भांडं पुरलं. सकाळी तापवलेलं दूध दुपारपर्यंत गरम राहायचं. रायरांच्या तुसाचा उपयोग तिथे झाला. एकदा मी त्याला विचारलं, की आमच्यासाठी हे का करतोस. त्याने चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवलेलं रायरांचं कार्ड दाखवलं. म्हणाला, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं आणि मी लिहून दिलं, आता मी बांधलेला आहे. मी तिथेच चुलीपुढे बसून रडले.

धाकटी बरी झाली. आम्ही तंजावरला पोचलो तेव्हा रायर तिण्णैवरच होते. पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि बर्फाबद्दल एक अक्षर न विचारता मला म्हणाले, "उठवलें नाहींत ना?" मी म्हटलं, नाही. तेवढ्यावर ते आत निघून गेले, आणि आतून बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज येत होता. नंतर धाकटीला एकटीला गाठून त्यांनी बर्फ कसा असतो ते विचारलं. ती म्हणाली, खवलेल्या नारळासारखा, पण गोड नाही. त्यांनी वहीत ते लिहून घेतलं. त्याच्या खाली लिहिलं, 'तूस: पायांस निरुपयोगी, दुधास उत्तम.'

पुढे आमची पुण्याला बदली झाली. धाकटी तेरा वर्षांची असताना, एका डिसेंबरात, ह्यांनीच हट्टाने रायरांना बोलावलं. सगळ्यांनी मिळून त्याच बंगल्यावर जायचं, त्यांना बर्फ दाखवायचा. येण्याआधी त्यांचं कार्ड आलं. आमच्याच घराला त्यांनी प्रश्न पाठवले होते. दूध किती वाजतां येतें? गरम पाणी? पायऱ्या किती? आम्ही हसून हसून बेजार झालो आणि ह्यांनी कचेरीच्या थाटात एकेक उत्तर लिहून पाठवलं. प्रश्न सहाच होते. म्हातारपण, विसरले असतील, असं मी म्हटलं.

रायर आले आणि पुण्याच्या थंडीने तिसऱ्याच दिवशी झोपले. ताप, खोकला, धाप. डॉक्टर म्हणाले, प्रवास विसरा. आम्ही तिकिटं परत केली. आठदहा दिवस असेच गेले. त्यात माझ्या नणंदेचं पत्र आलं, की ती मुलांसकट चार दिवस येतेय. पाहुण्यांची खोली एकच, तिच्यात रायर. मी आणि हे त्याबद्दल जेवताना नुसतं बोललो, कुणाला कुठे झोपवायचं एवढंच. ते त्यांनी ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर रायर दाराजवळच्या खुर्चीत बसलेले. कोट घातलेला, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पायाशी ती कार्डांची पत्र्याची पेटी. अंगात ताप होताच, बोलताना धाप लागत होती. मला म्हणाले, एक टांगा बोलवा, मद्रासच्या गाडीची वेळ मी पाहिलों आहें. नव्या लोकांना खोली लागेल.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सातवा प्रश्न ते विसरले नव्हते. दुसऱ्यांच्या मुलांसाठी सगळ्या हिंदुस्थानाला त्यांनी तो विचारला होता, स्वतःसाठी विचारायची त्यांना लाज वाटली होती. आणि न विचारलेल्याचं उत्तर आम्हीही दिलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली.

धाकटी शाळेतून आली होती, माझ्या मागेच उभी होती. चौकीदाराच्या कार्डाची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की ते वाक्य तिला पाठ होतं. ती पुढे झाली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी पेटीवरच बसली.

"ताता," ती म्हणाली, "बरे होईपर्यंत खोली तुमचीच. नवे येतील त्यांना मी माझ्या खोलीत घेईन."

रायरांनी हात पुढे केला, आणि तिने तो धरला, लहानपणी बर्फाच्या लादीवर धरला होता तसाच, नुसता अंगठा.

"बरें," ते म्हणाले. "मग पेटी तूं धर. जड आहे."